५१ शक्तिपीठांच्या यादीत तुळजापूर का नाही? आणि मग साडेतीन पीठं आली कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घरचं कुलदैवत तुळजाभवानी, लहानपणापासून ऐकत आलात की सतीच्या देहाचे तुकडे जिथे पडले तिथे शक्तिपीठं झाली, आणि आता नेटवर ५१ पीठांची यादी बघितली तर त्यात तुळजापूरच नाही. मग आपलं पीठ खरं की यादी खरी, साडेतीन हा आकडा कुठून आला, अर्धं पीठ म्हणजे काय, आणि कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणीचं सप्तशृंग या चारही ठिकाणी जायचं तर कसं जायचं.

आधी उत्तर देऊन टाकतो, मग सविस्तर बोलू. यादीत नाव नाही म्हणून तुळजापूरचं काही बिघडत नाही, कारण ती यादी आपल्याकडे तयार झालेलीच नाही. सतीच्या देहाची कथा आपल्या चारही ठाण्यांवर बरीच उशिरा येऊन बसली आहे, त्याआधी प्रत्येक ठाण्याची स्वतःची कथा होती आणि ती अजून आहे. देवीच्या यात्रा नेणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे पुजारी, गोंधळी, आराधी, मानकरी यांच्यात रोजची उठबस, आणि त्यातून एक सवय लागली की कुठल्याही ठाण्यावर गेलो की बोर्डावर लिहिलेली कथा वाचायची पण तिथेच थांबायचं नाही, उत्सवात प्रत्यक्ष काय करतात ते बघायचं. पालखी कुठे जाते, नैवेद्य कशाचा, मान कोणाचा, देवी कधी झोपते कधी उठते. या सगळ्यातून जी कथा दिसते ती त्या जागेची धरून चालायला हरकत नाही, आणि जी फक्त बोर्डावर नाहीतर व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये आहे ती बहुतेक वेळा नंतर आलेली असते.

आता सतीची कथा. ही कथा एकदम एका बैठकीत तयार झालेली नाही. महाभारतात दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस आहे, शंकराला भाग दिला नाही म्हणून तो चिडतो, वीरभद्र येतो, यज्ञ उधळतो, पण तिथे सती जळून मरत नाही, देवी शंकराच्या शेजारीच आहे. पुढे कालिदासाच्या काळापर्यंत ही गोष्ट आली की वडिलांनी केलेल्या अपमानामुळे सतीने योगाने देह सोडला. भागवत पुराणात चौथ्या स्कंधात हाच प्रसंग खूप विस्ताराने आहे, ती वडिलांना भर सभेत सुनावते आणि योगाग्नीत देह टाकते, पण तिथेही शंकर प्रेत खांद्यावर घेऊन फिरत नाही आणि तुकडे तर अजिबात नाहीत. प्रेत खांद्यावर, शंकर वेडापिसा आणि देहाचे तुकडे जमिनीवर, हा शेवटचा भाग कालिकापुराण, देवीभागवत अशा नंतरच्या ग्रंथांत येतो, आणि त्यातही एकमत नाही. कालिकापुराणात ब्रह्मा, विष्णू आणि शनी असे तिघे प्रेतात शिरून ते तुकडे पाडतात, तर आपण ऐकलेल्या गोष्टीत विष्णूचं सुदर्शन चक्र. कालिकापुराण आसामच्या बाजूचं, कामाख्येच्या परंपरेतलं, हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुढे येणार आहे.

पीठांच्या आकड्याचंही तसंच. जुन्या तांत्रिक ग्रंथांत, अगदी बौद्ध तंत्रातसुद्धा, पीठं चारच आहेत, कामरूप, जालंधर, ओड्डियान आणि पूर्णगिरी. मग कुठे सात, कुठे अठरा, कुठे ५१, कुठे ५२, मत्स्यपुराणात आणि देवीभागवतात तर १०८ स्थानांची नावं आहेत. आज नेटवर जी ५१ ची यादी फिरते, अवयव, देवीचं नाव आणि भैरवाचं नाव अशी तीन कॉलमांची, ती तंत्रचूडामणी नावाच्या ग्रंथाच्या नावावर सांगतात आणि ती बंगालच्या बाजूला घडलेली दिसते. एकट्या बीरभूम जिल्ह्यातली पाच ठिकाणं तिच्यात दाखवतात, बक्रेश्वर, नलहाटी, लाभपूर, साँइथिया, कंकालीतला. आपल्या महाराष्ट्राचा एवढा मोठा मुलूख आणि वाट्याला आलं काय, तर एक करवीर म्हणजे कोल्हापूर आणि एक जनस्थान म्हणजे नाशिक. करवीरला तीन नेत्र पडले, देवी महिषमर्दिनी, भैरव क्रोधीश. जनस्थानला हनुवटी, देवी भ्रामरी, भैरव विकृताक्ष, आणि नाशिककर ती भद्रकाली असं सांगतात. त्यातलंही करवीर वादात, कारण काही पोथ्यांत तिथे शर्करार असा पाठ आहे आणि ते ठिकाण सिंधमध्ये, आताच्या पाकिस्तानात होतं असं म्हणणारे आहेत. ज्याने यादी केली त्याला जे माहीत, जिथपर्यंत त्याची माणसं यात्रेला जात होती, तेवढं त्याने घातलं. तुळजापूर त्याच्या नकाशावर नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

अठरा पीठांचं एक स्तोत्र शंकराचार्यांच्या नावावर म्हटलं जातं, दक्षिणेत ते फार चालतं, त्यात कोल्हापूरची महालक्ष्मी आहे आणि माहूरची एकवीरिका आहे. तुळजापूर आणि सप्तशृंग तिथेही नाही.

मग आपले चार एकत्र येतात कुठे? देवीभागवताच्या सातव्या स्कंधात देवीगीता आहे, तिथे हिमालय देवीला विचारतो की तुझी आवडती स्थानं कोणती, आणि देवी सांगायला सुरुवातच इथून करते, "कोलापुरं महास्थानं यत्र लक्ष्मीः सदा स्थिता", मग दुसरं मातुःपुर म्हणजे माहूर, जिथे रेणुका आहे, तिसरं तुळजापूर आणि तसंच सप्तशृंग. त्यानंतर हिंगलाज, ज्वालामुखी वगैरे बाकीचा भारत. म्हणजे चारही एकामागोमाग, पहिल्या दीड-दोन ओळींत. आणि गंमत बघा, या अध्यायात कुठला अवयव कुठे पडला याचा एक शब्द नाही, देवी फक्त म्हणते ही माझी स्थानं आहेत. याच स्कंधात थोडं मागे सतीची कथा आणि १०८ नावं येऊन गेलेली आहेत, पण चौघींची ही ओळ वेगळी उभी आहे. त्यामुळे कोणी म्हणालं की तुळजापूरला पुराणाचा आधार नाही, तर त्याला सातवा स्कंध, अडतिसावा अध्याय काढून दाखवा. अर्धं पीठ मात्र त्या श्लोकात नाही, तिथे चारही पूर्ण आहेत. अर्ध्याचं नंतर सांगतो.

तुमचं ठाणं तुळजापूर म्हणून आधी तेच घेतो. तिथली मूळ कथा अशी, की बालाघाटाच्या डोंगरात, यमुनाचलावर, कर्दम ऋषींची बायको अनुभूती नवरा गेल्यावर तप करत बसलेली, कुकुर नावाच्या दैत्याने तिचं तप मोडायला आणि तिच्या अंगाला हात लावायला बघितलं, तिने हाक मारली आणि देवी क्षणाचाही उशीर न करता धावून आली. दैत्याने शेवटी रेड्याचं रूप घेतलं आणि देवीने त्याला मारलं. आता मूर्ती आठवा, अष्टभुजा, पायाखाली महिष, आणि बाजूला एक लहानशी तपस्विनी कोरलेली आहे, ती अनुभूती असं मानतात. पुढच्या वेळी पुजाऱ्यांना विचारून तेवढं बघाच, गर्दीत लोक मुखदर्शन करून पुढे सरकतात आणि ही बाई कोणाला दिसतच नाही. म्हणजे इथली देवी एका एकट्या पडलेल्या बाईच्या हाकेला आलेली आहे, कोणाचा अवयव पडून झालेली नाही.

आणि तुळजापूरचं सगळ्यात वेगळं काय, तर मूर्ती चल आहे. बहुतेक मोठ्या देवळात मूर्ती एकदा बसली की बसली. इथे देवी वर्षातून तीनदा सिंहासनावरून उतरून पलंगावर झोपायला जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, कारण पुढे नऊ दिवस लढाई आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला पहाटे परत सिंहासनावर. नऊ दिवस संपले की दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा, ती थेट पौर्णिमेपर्यंत, महिषासुराला मारून दमली म्हणून. आणि तिसरी मोहनिद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी. सीमोल्लंघनाच्या पहाटे मूर्तीला १०८ साड्या गुंडाळतात आणि पालखीतून मंदिराला प्रदक्षिणा घालतात, मूर्ती दिसतच नाही, दिसतो तो साड्यांचा मोठा गठ्ठा, आणि कुंकवाची इतकी उधळण की शेजारच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. ती पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, तिथल्या तेली घराण्याचा तो मान, आणि पलंगसुद्धा त्याच बाजूने गावोगाव मुक्काम करत चालत येतो, वाटेत बायका त्याला हात लावायला रांगा लावतात. भोप्यांचा म्हणजे पुजाऱ्यांचा मान वेगळा, आराध्यांचा वेगळा, नवमीला होमकुंडाजवळ अजाबळी म्हणजे बकऱ्याचा बळी. या सगळ्या पसाऱ्यात लढणारी, दमणारी, झोपणारी देवी आहे. सतीच्या देहाशी जोडलेला एकही विधी तिथे माझ्या पाहण्यात नाही.

माहूरला याहून स्पष्ट दिसतं. रेणुका जमदग्नीची बायको, रोज नदीवरून पाणी आणायची, एक दिवस गंधर्वांची जलक्रीडा बघून मन विचलित झालं, जमदग्नी चिडले, मुलांना म्हणाले आईचं डोकं उडवा, मोठ्यांनी नाही ऐकलं, परशुरामाने ऐकलं आणि मग वर मागून आई जिवंत करून घेतली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. माहूरची कथा त्यानंतरची. सहस्रार्जुनाने कामधेनूसाठी जमदग्नींना मारलं, परशुराम वडिलांचा देह आणि आईला कावडीत घालून कोरी भूमी शोधत निघाला, माहूरच्या डोंगरावर दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून अग्निसंस्कार झाला आणि रेणुका सती गेली. मुलगा आईच्या आठवणीने व्याकुळ. मग आकाशवाणी झाली की आई भूमीतून वर येईल, पण मागे वळून बघू नकोस. त्याला कुठला दम निघतोय, त्याने बघितलं, तोवर फक्त मुख वर आलेलं. म्हणून माहूरला पूर्ण मूर्ती नाही, तांदळा आहे, शेंदराने माखलेलं भलंमोठं मुख.

आता तिथला प्रसाद बघा. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप असं सगळं दगडी खलात कुटून तांबूल करतात आणि तो देवीच्या मुखात देतात, मग तोच लाल कुटलेला विडा चिमूटभर तुमच्या हातावर येतो. पायथ्यापासूनच विडा कुटण्याचा ठक ठक आवाज कानावर पडत असतो. देवी म्हणजे मुखच, तर सेवा मुखाची. शेजारीच मातृतीर्थ, तिथे आईच्या नावाने विधी करायला लोक येतात. पलीकडच्या शिखरांवर दत्त आणि अनसूया. म्हणजे अख्खा डोंगर आई आणि मुलाच्या गोष्टीने भरलेला आहे, आणि त्याच डोंगरावर कोणाला विचारा की सतीचा कोणता अवयव इथे पडला, तीन जणांकडून तीन उत्तरं मिळतील. जी गोष्ट जागेत मुरलेली असते तिच्याबद्दल असं होत नाही.

रेणुकेच्या पाठीमागे अजून जुना थर आहे आणि त्यावर लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यभर काम केलं. जमिनीतून वर आलेलं मुख, वारूळ, कर्नाटकात सौंदत्तीची यल्लम्मा, मातंगीची जोडलेली गोष्ट, ही सगळी भूमातेची रूपं आहेत असा त्यांचा रोख. गोव्यात आणि तळकोकणात तुम्ही सातेरीच्या देवळात गेलात तर अजूनही काही ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती नाही, सरळ वारूळ आहे, आणि बऱ्याच गावात तीच सातेरी पुढे शांतादुर्गा म्हणून पूजली जाऊ लागली, शिव आणि विष्णूचं भांडण सोडवणारी शांत देवी अशी कथा तिला मिळाली. कवळ्याची शांतादुर्गा तर पोर्तुगीजांच्या त्रासामुळे केळशीहून हलवलेली. म्हणजे जागा बदलली, नाव बदललं, कथा बदलली, तरी भक्त तेच राहिले. आमच्या धंद्यात लोक फार विचारतात की यातली ओरिजिनल कथा कोणती, तर अशा ठिकाणी तो प्रश्नच नीट बसत नाही.

कोल्हापूरला तीन कथा शेजारी शेजारी नांदतात. पहिली कोल्हासुराची, करवीरमाहात्म्यातली, देवीने त्याला मारलं आणि त्याच्या मागणीवरून गावाला त्याचं नाव राहिलं. दुसरी तिरुपतीची, भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णू काही बोलला नाही म्हणून लक्ष्मी रुसून करवीरला आली, त्यामुळे तिरुपतीची यात्रा करवीरच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही असं आंध्र-कर्नाटकातून येणारे लोक मानतात, आणि नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून शालू येतो. तिसरी सतीच्या नेत्रांची. आता मूर्तीच्या हातात काय आहे ते बघा, म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग-योनी, मागे सिंह. सप्तशतीच्या शेवटी प्राधानिक रहस्य आहे त्यात महालक्ष्मीचं वर्णन शब्द न् शब्द हेच आहे, आणि तिथे महालक्ष्मी म्हणजे विष्णूची बायको नाही, सगळ्या देवदेवता जिच्यातून निघाल्या ती आदिशक्ती. म्हणून कोल्हापूरकर अंबाबाई म्हणतात आणि कोणी विष्णुपत्नी म्हटलं की चवताळतात, त्यात तथ्य आहे असं माझं मत. तिरुपतीची कथा भाविकांना दोन मोठी ठाणी जोडून देते, तिच्यावर राग नाही, पण मूर्ती ती कथा सांगत नाही.

आणि ठाणं जुनं किती, तर शिलाहार राजे आपल्या शिलालेखात स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादाने मोठे झालेले म्हणवतात. त्याच्याही आधी राष्ट्रकूट अमोघवर्षाने प्रजेवरचं संकट टळावं म्हणून आपलं डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं असं संजानच्या ताम्रपटात आहे, साल इसवी ८७१. ताम्रपटात कोल्हापूरचं नाव नाही, पण अभ्यासक ती हीच असं धरतात.

पण कोल्हापूरचा खरा आत्मा बघायचा तर किरणोत्सवापेक्षा ललितापंचमीला जा. किरणोत्सवाचं कौतुक सगळीकडे छापून येतं, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन पायापासून मुखापर्यंत चढतात, सुंदरच आहे ते, बघावं. पण ललितापंचमीला अंबाबाईची पालखी गावाबाहेर टेकडीवर त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला भेटायला जाते. गोष्ट अशी की लढाईत त्र्यंबोलीने मोठी मदत केली, दैत्याने देवांना बकऱ्यांच्या रूपात डांबून ठेवलेलं ते तिने सोडवलं, आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं. मग ती रुसली, टेकडीवर पाठ करून बसली, आणि अंबाबाई स्वतः सगळा लवाजमा घेऊन समजूत काढायला गेली. ते दरवर्षी होतं. तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडतात, तो दैत्याचा वध, आणि कोहळा फुटला की त्याचा तुकडा मिळवायला जी झुंबड उडते ती बघून नवीन माणूस घाबरतो. दोन बहिणींचं मानापमान, लग्नघरात राहून गेलेलं आमंत्रण, हे आपल्या घराघरातलं आहे. नेत्र पडल्याचा उत्सव मात्र कोल्हापुरात कोणी करत नाही.

वणीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे कथा एकसंध आहे. सात शिखरांचा डोंगर, कड्यातच कोरलेली अठरा हातांची उंच मूर्ती, मान किंचित कललेली. समोर मार्कंडेय डोंगर, तिथे बसून मार्कंडेय ऋषींनी सप्तशती म्हटली आणि देवी कान देऊन ऐकते म्हणून मान कललेली, असं सांगतात. सप्तशतीच्या वैकृतिक रहस्यात अठरा भुजांच्या महालक्ष्मीची पूजा सांगितली आहे, म्हणजे कोल्हापूर आणि वणी या दोन्ही मूर्ती एकाच पोथीच्या मागच्या पानांतून समजतात, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. २०२२ मध्ये मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदूर काढला, हजार किलोच्या वर निघाला, आणि मूळ कोरीव रूप दिसलं, आधी गेलेल्यांनी त्यासाठी परत जायला हरकत नाही. खानदेशातली माणसं चैत्रात उन्हातान्हाची पायी येतात, बायका तर माहेरी आल्यासारख्या. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री शिखरावर निशाण लावायचा मान दरेगावच्या गवळी-पाटलांचा, सरळसोट कड्यावर अंधारात माणूस चढतो. इथे सतीचा उजवा हात पडला असं बोर्डावर लिहिलेलं दिसेल.

आता अर्ध्याचं. ओंकाराच्या अ, उ, म या तीन मात्रा आणि वरची अर्धमात्रा, म्हणून साडेतीन, हे स्पष्टीकरण सगळ्यात जास्त चालतं आणि सप्तशतीच्या पहिल्याच अध्यायात ब्रह्मदेव देवीला अर्धमात्रा म्हणतो, जिचा उच्चार करता येत नाही अशी. त्या हिशोबाने अर्धं पीठ सगळ्यात सूक्ष्म, म्हणजे कमी तर नाहीच. दुसरं असं की साडेतीन आपल्याकडे लाडका आकडा आहे, साडेतीन मुहूर्त, कुंडलिनीची साडेतीन वेटोळी. चार ठाणी होती, त्यांना साडेतीनच्या साच्यात बसवलं आणि वणीच्या वाट्याला अर्धं आलं, असं मला वाटतं. वणी अर्धं का, तर डोंगरामुळे, देवी अर्धीच प्रकटली म्हणून वगैरे जे सांगतात ते प्रश्न पडल्यावर शोधलेलं उत्तर वाटतं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की म्हणजे सतीची कथा खोटीच. तसं नाही. कामाख्येला जा. तिथे गाभाऱ्यात मूर्ती नाही, खडकातली एक खाच आणि तिच्यातून झिरपणारं पाणी, सतीची योनी तिथे पडली असं मानतात, आणि आषाढाच्या सुमाराला अंबुबाची असते तेव्हा देवी रजस्वला म्हणून तीन दिवस दार बंद, चौथ्या दिवशी लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून. तिथे अवयव, जागा, विधी सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. आणि कालिकापुराण तिथलंच. त्या कथेचं स्वतःचं घर आहे, ते आसामात आहे. तिथून ती देशभर गेली कारण तिच्यात एक सोय आहे, कुठलंही लांबचं ठाणं एका देहाचा भाग म्हणून जोडता येतं, हिंगलाजपासून कामाख्येपर्यंत. आपल्या पुजाऱ्यांनी, माहात्म्य छापणाऱ्यांनी ती घेतली, ठाण्याचा मान वाढतो, बाहेरचा यात्रेकरू ओळखतो, यात वावगं काही नाही.

आपल्याकडे चार ठाणी एकत्र बांधून ठेवली ती कुठल्या यादीने नाही, गोंधळ्यांनी. लग्न झालं की घरी गोंधळ घालतात, चौक भरतात, दिवटी पेटवतात, संबळ आणि तुणतुण्यावर गोंधळी एकेका गावाचं नाव घेऊन देवीला बोलावतो, कोल्हापूरची ये, तुळजापूरची ये, माहूरची ये. गोंधळ्यांचे दोन मोठे पंथच कदमराई आणि रेणुराई, एक तुळजापूरचे, दुसरे माहूरचे. त्यांच्यात सांगतात की परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या मुंडक्याला त्याच्याच शिरा ताणून बांधल्या आणि ते वाजवत आईसमोर आला, तेच पहिलं तुणतुणं. गावखेड्यातल्या माणसाला संस्कृत श्लोक कधी कळला नसेल, पण चार नावं त्याला पाठ होती ती यांच्यामुळे.

आंबेजोगाईची योगेश्वरी या साडेतीनात का नाही हेही लोक विचारतात, विशेषतः कोकणस्थ, त्यांची ती कुलदेवी. तिची कथा आणखी वेगळी, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारीच राहिली. कन्याकुमारीलाही जवळजवळ हीच गोष्ट सांगतात. ठाणं मोठंच आहे, फक्त त्या चौघींच्या ओळीत ते बसवलं गेलं नाही.

आता यात्रेचं. क्रम कुठल्याही शास्त्रात नाही, कोणी सांगितलं की आधी हेच केलं पाहिजे तर मनावर घेऊ नका. सोयीचा रस्ता म्हणाल तर कोल्हापूर, मग सोलापूरमार्गे तुळजापूर, सोलापूरहून ते जेमतेम ४५ किलोमीटर, मग लातूर-नांदेड करत माहूर, हा टप्पा लांबचा, तीनशे किलोमीटरच्या वर, एका दिवसात दर्शनासकट उरकायच्या भानगडीत पडू नका, नांदेडला मुक्काम करा. शेवटी नाशिकला येऊन वणी, वर जायला आता ट्रॉली आहे, गुडघे चांगले असतील तर पायऱ्याच चढा. तुमचं कुलदैवत भवानी, म्हणजे कुलाचार तुळजापूरला करायचा, तिथे आपल्या घराण्याचे ठरलेले पुजारी असतात, त्यांच्या वह्यांत आजा-पणजाची नावं सापडतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून मूळ गाव आणि आडनाव नीट विचारून जा म्हणजे शोधायला सोपं पडेल. आणि तारीख ठरवण्याआधी वर सांगितलेल्या तीन निद्रा पंचांगात बघून घ्या, कारण त्या दिवसांत मूर्ती सिंहासनावर नसते, शेजघरात पलंगावर असते, दर्शन होतं पण सिंहासनपूजा होत नाही, आणि दरवर्षी कोणीतरी घरदार घेऊन नेमकं त्याच आठवड्यात येऊन पोचतं.